कोल्हापूरला जाल तेव्हा : दसरा चौक आणि प्रदर्शनांचा हंगाम

आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांचे कोल्हापूरशी नाते जुने आहे. परंतु ते ठरावीक रस्त्यांनीच चालत आले आहे. गुळाच्या सौद्यांसाठी मार्केट यार्ड, सोन्यासाठी गुजरी, चांदीच्या पैंजणांसाठी हुपरी आणि यात्रेसाठी बाहुबली-कुंभोज. काम आटोपले की मंडळी गाडीत बसतात आणि संध्याकाळच्या आत महामार्गाला लागतात. कोल्हापुरात बँकेच्या नोकरीची अनेक वर्षे काढलेला आणि निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झालेला मनुष्य म्हणून मी हे नेहमी पाहतो. पाहुण्यांना मी एकच विनंती करतो की, पुढच्या खेपेस अर्धा दिवस जास्त काढा आणि तो दसरा चौकाला द्या.

या विनंतीला वेळेचेही निमित्त आहे. पावसाळ्यात कोल्हापूरचा पाऊस घराबाहेर पडू देत नाही आणि चातुर्मासात आपणही लांबचा प्रवास टाळतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधुसाध्वींचा विहार सुरू होतो, यात्रांचे बेत ठरू लागतात आणि त्याच सुमारास येथील कलादालनांचा खरा हंगाम सुरू होतो. कोरडी हवा, लवकर पडणारी संध्याकाळ आणि एकामागून एक येणारी चित्रप्रदर्शने, संगीतसभा, नाटके, व्याख्याने असा हा क्रम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. येत्या हंगामात कोल्हापूरला येण्याचा विचार असणाऱ्यांसाठी ही थोडी माहिती आणि थोडे मनोगत.

चौकाची ओळख

दसरा चौक हे नाव विजयादशमीच्या समारंभावरून पडले. त्या दिवशी सायंकाळी येथे शमीपूजन होते, छत्रपती घराण्यातील मंडळी येतात आणि सारे शहर सोने लुटण्यासाठी लोटते. एरवी हा गजबजलेला चौक आहे. मध्यभागी राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आणि भोवती रिक्षा, बसगाड्या, रुग्णालयाकडे जाणाऱ्यांची घाई. या घाईत भोवतालच्या इमारतींवरील पाट्या वाचायचे राहून जाते, आणि खरा इतिहास तर त्या पाट्यांवर आहे.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. शिकण्यासाठी खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांना राहायला जागा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०१ पासून त्यांच्या प्रोत्साहनाने आणि देणग्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली. मराठा, दिगंबर जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी ही यादी वाढत गेली. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये निघाले. यांतील काही संस्था आजही दसरा चौकाच्या आसपास उभ्या आहेत आणि दिगंबर जैन बोर्डिंग त्यांपैकी एक आहे. एकाच चौकात इतक्या समाजांची मुले शेजारी-शेजारी राहून शिकत होती. असा चौक महाराष्ट्रात मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आपल्या बोर्डिंगच्या इतिहासात दोन नावे येतात, ती आपल्या मुलांना माहीत असावीत. पहिले अण्णासाहेब लठ्ठे. कुरुंदवाडकडील जैन कुटुंबात जन्मलेले, एम. ए., एलएल. बी. झालेले लठ्ठे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे आधारस्तंभ होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. कुंभोज हे त्यांचे जन्मगाव. विद्यार्थी म्हणून ते याच बोर्डिंगात होते आणि येथील शिस्तीशी त्यांचे पटले नाही. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावर आंघोळ करण्याचा नियम त्यांनी मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. याच मुलाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. दोघेही आपलेच. एकाने नियम चालवला, दुसऱ्याने मोडला. त्या इमारतीसमोर उभे राहून मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, असे मला वाटते.

शाहू स्मारक भवनाचे दालन

याच चौकात राजर्षी शाहू स्मारक भवन आहे. सभागृह, छोट्या बैठकांची जागा आणि कलादालन असे त्याचे स्वरूप. शहराच्या सार्वजनिक जीवनातील कितीतरी गोष्टी या एका छपराखाली घडतात. पुस्तक प्रकाशने, स्मृतिव्याख्याने, चित्रपट महोत्सव, शाळांचे सत्कार समारंभ, हातमाग आणि हस्तकलेची विक्री आणि मुख्य म्हणजे चित्रप्रदर्शने. एका प्रदर्शनाची चित्रे उतरतात न उतरतात तोच दुसऱ्याचे खिळे ठोकण्याचा आवाज येऊ लागतो.

प्रदर्शन कसे उभे राहते याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. चित्रकार, मग तो चित्रकला शिक्षक असो, कलामहाविद्यालयाचा विद्यार्थी असो की निवृत्त फोटोग्राफर, दालनाची तारीख बऱ्याच आधी ठरवतो आणि भाडे भरतो. मग वीस-तीस चित्रांच्या चौकटी, काचा, टेम्पोचे भाडे, निमंत्रणपत्रिका आणि उद्घाटनाचा चहा. चार-सहा दिवसांच्या प्रदर्शनासाठी तो वर्षभराची शिल्लक ओततो. मी आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासले. या व्यवहाराचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर परतफेडीची क्षमता या रकान्यात काय लिहावे असा मला प्रश्न पडला असता. तरीही दरवर्षी नवे चित्रकार तारखा मागायला येतात. धंदा म्हणून हे गणित बसत नाही. आपण काढलेले लोकांनी पाहावे ही जी ओढ आहे, तिच्यावर ते चालते.

दालनात प्रवेशाला तिकीट नसते. दारापाशी एक टेबल असते, त्यावर अभिप्रायाची वही आणि पेन. आपल्यातील पुष्कळांना आत शिरायला संकोच वाटतो. आपल्याला त्यातले काय कळते, असे म्हणून ते पायरीवरूनच परत फिरतात. हा संकोच अनाठायी आहे हे मला एका अडत व्यापाऱ्याने शिकवले. ते आमच्या शाखेचे जुने खातेदार होते. एका दुपारी बँकेचे काम आटोपल्यावर मी त्यांना आग्रहाने दालनात नेले. कोल्हापूर परिसरातील खेड्यांची जलरंगातील चित्रे लागली होती आणि चित्रकार हे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. शेठजींनी एका चित्रापाशी उभे राहून व्यापाऱ्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, याची काय किंमत धरायची?"

शिक्षक हसले. म्हणाले, "शेठ, किंमत मागच्या बाजूला लिहिली आहे. आधी पुढची बाजू बघा की."

चित्र गुऱ्हाळाचे होते. चुलवाणावर काहील, वर वाफ आणि काठाशी वाकलेला गुळव्या. शेठजी पाहू लागले आणि पाहतच राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाकाचा रंग बरोबर धरलाय तुम्ही. काहील उतरायची वेळ झाली आहे. आणखी थोडा वेळ ठेवली तर गूळ काळा पडेल." शिक्षकांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "शेठ, तीन दिवस गुऱ्हाळावर बसून मी तोच रंग शोधत होतो. इथे आलेल्यांपैकी तो तुम्हालाच दिसला."

चाळीस वर्षे गुळाचे रवे फोडून रंग आणि कण पारखणाऱ्या माणसाला चित्रातले कळत नाही असे कोण म्हणेल? कापडाचा पोत, हळदीचा रंग, मोत्याची झाक, सोन्याचा कस पारखणे हा आपला पिढीजात अभ्यास आहे. तीच नजर चित्रासमोर वापरायची असते. त्या दिवशी शेठजींनी ते चित्र घेतले. त्यांच्या पेढीवर, गादीच्या मागच्या भिंतीवर, ते लागलेले मी नंतर अनेकदा पाहिले.

या परंपरेचे मूळ

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. हे नुसते कौतुकाचे नाव नाही, त्यामागे माणसे आहेत. आबालाल रहिमान हे त्यांतील आद्य नाव. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेऊन ते कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारचे चित्रकार झाले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट ही त्यांची आवडती स्थळे. तळ्यावरचे धुके आणि मावळतीचा उजेड त्यांनी ज्या हळुवारपणे रंगवला, तो पाहिल्यावर रोजचा रंकाळा वेगळा दिसू लागतो. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर दुःखावेगात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी गोष्ट येथे सांगितली जाते. १९३१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या काही कृती दसरा चौकापासून पायी पाच-सात मिनिटांवर असलेल्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येतात. ही इमारत चार्ल्स मॅंट या वास्तुविशारदाने आखली व ती १८७० च्या दशकात उभी राहिली. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवता पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही तेथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी आपल्या भागाचा व्यापार चालत होता याचा तो पुरावा. व्यापारी घरातील मुलांनी तो डोळ्यांनी पाहावा.

दुसरे मोठे नाव बाबूराव पेंटर. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. चित्रकलेच्या शाळेत न जाता हाताने शिकलेला हा कलावंत. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले आणि ते पडदे पाहायला म्हणून लोक नाटकाला जात. पुढे त्यांना चलच्चित्राचे वेड लागले. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचा 'सैरंध्री' हा मूकपट आला. या कंपनीला सुरुवातीचे भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेने दिले. पेढ्यांची आणि सावकारांची या शहरात वाण नव्हती. तरी नव्या धंद्यावर विश्वास टाकला तो एका गाणाऱ्या बाईने. बँकेच्या माणसाला ही नोंद विसरता येत नाही. याच कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली.

'सावकारी पाश'

बाबूराव पेंटरांचा एक चित्रपट असा आहे, ज्याविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही. १९२५ मधील 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कागदात सापडून जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांच्या त्या काळात समोरच्या माणसाचे दुःख पडद्यावर आणणारा हा चित्रपट म्हणून त्याचा मान मोठा आहे. मूकपटाची प्रत आज हाती नाही. बाबूरावांनी १९३६ मध्ये तीच कथा बोलपट म्हणून पुन्हा केली.

चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने किंवा एखाद्या व्याख्यानात या चित्रपटाचा उल्लेख झाला की सभागृहातील आपली मंडळी खुर्चीत किंचित सरकून बसतात, हे मी पाहिले आहे. ते स्वाभाविक आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत सावकारी करणाऱ्यांत सर्व जातींचे लोक होते, पण लोकांच्या मनातील सावकाराच्या चित्राला बहुधा दुकानदाराची टोपी असते. एका परिचित गृहस्थांनी मला विचारले होते, "साहेब, आपल्याला नावे ठेवणाऱ्या गोष्टी आपण पैसे देऊन आणि वेळ काढून का पाहायच्या?"

माझे उत्तर असे. बँकेत मी दोन्ही बाजू पाहिल्या. अडीअडचणीला रात्री दहा वाजता दार उघडून विनातारण पैसे देणारा गावचा व्यापारी मी पाहिला आणि ज्याच्या कागदावरील आकडा फेडूनही फिटत नव्हता असा शेतकरीही पाहिला. दोन्ही खरे होते. पहिल्याची नोंद त्या कुटुंबांनी मनात ठेवली, दुसऱ्याची नोंद कलेने ठेवली. कीर्द लिहिताना आपण जमेची बाजू तेवढी लिहीत नाही. नावेची बाजू न लिहिणाऱ्याची खतावणी जुळत नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की, १९३७ च्या ज्या मंत्रिमंडळात लठ्ठे अर्थमंत्री होते, त्याच मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा १९३९ चा कायदा झाला. दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याने समाज लहान होत नाही. त्यामुळे येत्या हंगामात जुन्या मराठी चित्रपटांविषयी कार्यक्रम असेल तर मुलांना घेऊन जा आणि परतताना गाडीत त्यावर बोला, असे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते गेले की नाही हे मी विचारले नाही.

जळालेले नाट्यगृह

दसरा चौकातून खासबागेच्या बाजूला गेले की आणखी एक जागा पाहावी लागते, पण ती जड मनाने. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान बांधले आणि त्याला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे केले. तालीम आणि नाटक पाठीला पाठ लावून बसवणारा हा राजा होता. पुढे या नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात जन्मलेले केशवराव अवघ्या एकतीस वर्षांचे आयुष्य जगले. १९२१ मध्ये त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. ते त्यांचे अखेरचे वर्ष ठरले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या, सारे गेले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी शहरातील कलावंत, पडद्यामागचे कामगार आणि सामान्य प्रेक्षक जळलेल्या वास्तूसमोर उभे राहून रडत होते. मीही त्या गर्दीत होतो. माझ्या शेजारी एक वयस्कर रंगमंच कामगार उभे होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, माझी हजेरी ह्या भिंतींनी घेतली हो." पुढे त्यांना बोलता आले नाही.

पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. सरकारी निधी, निविदा आणि दगडी भिंतींची दुरुस्ती हे सारे आपल्या गतीने चालते. परंतु त्या आगीने एक गोष्ट उघड केली. शंभर वर्षांपूर्वी एका राजाने बांधून दिलेल्या वास्तूवर आपण सारे निर्धास्त होतो. ती आपल्या डोळ्यांसमोर एका रात्रीत गेली. एखादी संस्था कायमची आहे असे वाटू लागले की तिच्यासाठी काही करावे असे कोणालाच वाटत नाही. नाट्यगृह गेल्यावर नाटकवाले, गायक, शाळांची स्नेहसंमेलने यांची जागांसाठी धावाधाव झाली आणि शाहू स्मारक भवनासारख्या जागांचे मोल लोकांना नव्याने कळले.

संगीताची आवड असणाऱ्यांनी गायन समाज देवल क्लबच्या कार्यक्रमांची चौकशी जरूर करावी. १८८३ पासूनची ही संस्था आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ १८९५ मध्ये दरबार गायक म्हणून कोल्हापूरला आले आणि या शहराला गाण्याचे कान मिळाले. त्या परंपरेत वाढलेले श्रोते आजही येथे आहेत. बैठकीत मागच्या ओळीत बसलेला एखादा सराफ अथवा किराणा दुकानदार योग्य जागी मान हलवतो, तेव्हा ते शिक्षण कोठून आले हे कळते.

आपले काम काय?

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण त्याशिवाय आपल्या घरांत विषय पुढे सरकत नाही.

आपल्या लग्नसमारंभांत एका संध्याकाळच्या सजावटीवर जो खर्च होतो, त्याची फुले दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीत भरून जातात. मी त्या खर्चावर टीका करीत नाही. हौसेला मोल नसते. परंतु त्याच्या एका लहानशा भागात एखाद्या स्थानिक चित्रकाराचे मूळ चित्र नव्या घरात येऊ शकते आणि ते नातवंडांपर्यंत टिकते. दिवाळीला पेढ्यांवर वाटली जाणारी दिनदर्शिका एखाद्या तरुण कोल्हापुरी चित्रकाराकडून करून घेता येईल. पूर्वी दरबार होता, नाटक कंपन्या होत्या, त्यांचे पडदे रंगवून बाबूरावांसारखे कलावंत उभे राहिले. आज दरबार नाही. आता आश्रय द्यायचा तो पेढीने, दुकानाने आणि घराने.

दुसरे, चित्र घेणे शक्य नसेल तरी हजेरी लावणे शक्य असते. उद्घाटनाच्या दिवशी दालन भरलेले असते, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी चित्रकार एकटा खुर्चीवर बसलेला असतो. त्या वेळी जावे. तो स्वतः एकेक चित्र समजावून सांगतो आणि घाई नसते. वहीत दोन ओळी लिहाव्यात. 'उत्तम', 'छान' असे न लिहिता कोणते चित्र का आवडले ते लिहावे. पाठशाळेतील मुलांची सहल काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी बाहुबलीच्या यात्रेला दसरा चौक जोडून पाहावा. अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. सकाळी डोंगरावर दर्शन, दुपारी टाऊन हॉल संग्रहालय आणि कलादालन, असा दिवस सहज बसतो.

तिसरे, वेळेचा प्रश्न. सायंकाळचे कार्यक्रम बहुधा आपल्या भोजनाच्या वेळेवर येतात. चोविहार पाळणाऱ्यांनी आधी भोजन आटोपून जावे. शहरात शुद्ध शाकाहारी भोजनाची अडचण नाही. दुकान बंद होईपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो ही तक्रार खरी आहे. पण आठवड्याची सुट्टी आहेच आणि प्रदर्शने दिवसाही उघडी असतात. निघण्यापूर्वी भवनात दूरध्वनी करून त्या आठवड्यात काय चालू आहे ते विचारून घ्यावे. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत 'आजचे कार्यक्रम' या सदरातही ते छापून येते. सवड असेल तर राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे, तेही पाहावे. पडद्यावर मर्दानी भूमिका करणाऱ्या या नटाचा हात निसर्गचित्रांत किती नाजूक चालत असे हे पाहून आश्चर्य वाटते.

चौथी गोष्ट घरातील मुलांविषयी. आपल्या घरांत चित्र काढणारे मूल दहावीपर्यंत कौतुकाचे असते आणि अकरावीला वाणिज्य शाखेत जाते. त्यात गैर काही नाही, मी स्वतः एम. कॉम. आहे. मात्र त्याच्या रंगांच्या पेटीला कुलूप लावू नये. शाहू स्मारक भवनाच्या दालनात चित्रे लावणाऱ्यांत सनदी लेखापाल, डॉक्टर, दुकानदार मी पाहिले आहेत. दिवसा हिशोब आणि पहाटे पंचगंगेच्या घाटावर स्केचबुक, अशी माणसे या शहरात आहेत आणि त्यांचे दोन्ही व्यवहार उत्तम चालतात.

रविवारी सकाळी रंकाळ्यावर किंवा घाटावर गेलात तर कलामहाविद्यालयांतील मुले-मुली मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली दिसतील. त्यांच्या मागे थोडे अंतर राखून उभे राहिले तरी चालते, ती रागावत नाहीत. यांच्यातीलच कोणी दोन-चार वर्षांनी दसरा चौकातल्या दालनात पहिल्यांदा चित्रे लावील, दारापाशी वही ठेवील आणि कोण येते याची वाट पाहील. येणाऱ्यांत आपली कुटुंबे असावीत, एवढेच मागणे आहे. कोल्हापूरला याल तेव्हा कळवा, सवड असेल तर मी बरोबर येईन.